बुडाखालची फळी
ऑफिसात कुणी सुकटीचा डबा उघडला की मला मनोरीची खाडी आठवते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही रिमोटवर चालणारी छोटी बोट बनवली होती आणि ती सरळ गेली तरच प्रोजेक्ट पास होणार होता. एका कोळी काकांच्या होडीत बसून मी ती पाण्यात सोडली. लाटेने ती डावीकडे ढकलली की मी लगेच उजवीकडे वळवायचो. पण सिग्नल उशिरा पोहोचायचा, तोवर दुसरी लाट आलेली असायची, आणि बोट दारू प्यायल्यासारखी झुलायची. काका वैतागून म्हणाले, "प्रत्येक लाटेला उत्तर कशाला देतोस रे? दोन-चार जाऊ दे. खरंच वाट सोडली तर वळव." मी हात आवरला. डुलत डुलत का होईना, बोट ठरवलेल्या खांबापर्यंत गेली. "पण किती लाटा सोडायच्या, ते कळतं कसं?" मी वही काढून विचारलं. ते हसले. "लिहितोस काय? बुडाखालची फळी सांगते." आता अंधेरीत बसून मी लांबच्या समुद्रातलं यंत्र चालवतो. पडद्यावर सगळे आकडे येतात; तरी ते वळवायला हात शिवशिवले की मी हळूच बूट काढून तळवे फरशीला टेकवतो. ती अजून काही बोललेली नाही.