मशीनचा पट्टा

रविवारी आराम मिळावा म्हणून आमच्या शिंपीमास्तरांइतके कष्ट उपसणारा माणूस अख्ख्या तंजावुरात दुसरा नसेल. मास्तर ख्रिस्ती. शनिवारी ते दोन दिवसांचं काम उरकायचे, मास्तरीणबाई रविवारचं सांबारसुद्धा करून ठेवायच्या, आणि दिवेलागणीला मास्तर दोन्ही मशिनींचे चामडी पट्टे काढून खिशात घालायचे, म्हणजे कुणाला मोह नको. त्यांच्या विसाव्याची तयारी करता करता माझी मात्र कंबर मोडायची. एका रविवारी चर्चच्या पायरीवर त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं, तर अर्ध्या गावाची बटणं लावणारा हा माणूस दिवसभर सेफ्टी पिन लावून हिंडला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "लोक हसतायत." मास्तर म्हणाले, "हसू देत. त्यांनाही आज सुट्टीच आहे."

मी सांगलीकडचा, आठवीतच शाळा सोडलेला. मला इथली भाषाही येत नव्हती तेव्हा त्यांनी हात धरून कातर चालवायला शिकवलं. ते उपकार फिटायचे नाहीत. पण हात थांबला की मला एकच धास्ती वाटायची. याच्यावाचून चालतं असं मास्तरांना वाटलं तर? म्हणून रविवारी खोलीचं दार लोटून मी ब्लाउजांना हूक लावत बसायचो. एका दुपारी मास्तर जेवणाचा डबा घेऊन आले आणि त्यांनी पाहिलंच. वाटलं, आता गाठोडं बांधायचं.

ते चटईवर टेकले. तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं ते मला तंबी म्हणायचे. "तंबी, देवानं सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी तोही थांबला. तुझे हूक त्याहून अवघड आहेत काय?"

"मास्तर, काम गेलं तर जाऊ कुठं?"

"त्याच्या आज्ञेत मालकाला सुट्टी आहे, नोकराला आहे, बैलाला आहे, दारी आलेल्या परक्यालाही आहे. तू शिवत बसलास की माझाही रविवार मोडतो. काढलंच तर शिवल्याबद्दल काढीन, झोपल्याबद्दल नाही." एवढं बोलून ते तिथंच आडवे झाले आणि घोरू लागले. सुई ठेवून मीही लवंडलो. गाव सोडल्यापासून दिवसाउजेडी पहिल्यांदाच झोपलो.

आता मास्तरांना दिसत नाही. दुकान मीच बघतो. तरी शनिवारी ते काठी टेकत यायचे, चाचपून पट्टे काढून न्यायचे. गेल्या शनिवारी आले नाहीत. सोमवारी लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते, विचारणारं कुणी नव्हतं. बराच वेळ पाय पायडलवरच राहिला. मग पट्टे काढले आणि त्यांच्या घरी गेलो.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पट्टे चाचपले. "दोन्ही आणलेस?"

"हो."

"दमलास?"

"दमलो, मास्तर," मी म्हणालो. एवढं म्हणायला मला इतकी वर्षं लागली.