पदराच्या तीन गाठी

हे आत्ताच सांगते, नाहीतर जळून मरेन! डोकं दुखलं की आई दादानं मुंबईहून आगबोटीनं धाडलेल्या गोळ्या फुटाण्यांसारख्या खायची. गोळ्या अती होऊन तिचे कान गुणगुणायला लागले, तरी कमी घे म्हटलेलं माझं ऐकेना.

मग दारावरच्या मासेवालीनं टोपली उतरवली. "वयनी, गोळी म्हंजे बांगडा नाय, वर एक मागायला! आधी कान गप होऊ देत."

आईनं गोळ्या थांबवल्या, आणि कान गुणगुणायचे थांबल्यापासून मासेवाली रोज सकाळी ओल्या हातानं आईच्या पदराला तीन गाठी मारते. डोकं दुखलंच तर जेवून गोळी घ्यायची, एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की डबी बंद. आई ऐकते! जिचं नावही आम्हाला ठाऊक नाही, तिचं!

आज गाठी मारायला मी धावले, तर आई म्हणाली, "राहू दे गं, तिच्या घट्ट बसतात."

तुमच्या आईनंही असं केलंय का हो?