माझ्या वतीने दिलेली क्षमा

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रांगेत पाळकसाहेबांनी आईच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. मग ते सरकले. माझ्यासमोरून पुढे गेले आणि माझ्या पलीकडच्या मावशींच्या हातावर तुकडा ठेवला.

मी गुडघ्यांवर होते. दोन्ही हात पुढे केलेले. रिकामे.

मला वाटलं, चुकून राहिलं. हात तसेच ठेवले. मग प्याला आला, तोही तसाच पुढे गेला. तेव्हा पाळकसाहेब किंचित वाकले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "भगिनी, मनात राग ठेवून हे घेऊ नये. स्वतःवर दंड ओढवून घेशील."

दंड. मला.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला साहेब डोळे मिटून बसले होते. पहिला तुकडा त्यांना मिळाला होता. माझे बाबा ज्यांच्या कंपनीत जळून मेले, ते हे साहेब.

मी हे सावकाश लिहिते आहे. घाईत लिहिलं तर शिव्या येतील. मग लोक मुद्दा विसरतात आणि शिव्या लक्षात ठेवतात.

बाबांना कल्याणकडच्या मानपाड्याच्या त्या कंपनीत चिकटवलं चर्चनेच. साहेब आमच्या कोपरीच्या चर्चच्या मंडळीचे पंच. रविवारी 'बंधू', सोमवारपासून 'साहेब'. पहिला बाक त्यांच्या घराण्याचा, मागे आजोबांच्या नावाची पाटी. आम्ही नगरकडचे. आमचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत असताना ख्रिस्ती झाले. आमचा बाक शेवटचा, चपला काढतात तिथला. तिथे बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीच बसत आलो. त्याचाही राग यायला मला चाळिशी गाठावी लागली.

कंपनीच्या मागच्या दाराला साखळी आणि कुलूप असायचं. माल चोरीला जातो म्हणून. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा बाबा डबा विसरले होते, तो द्यायला मी मागच्या गल्लीने गेले. बाबा जाळीच्या आतून म्हणाले, "पुढून ये गं. ह्याची चावी साहेबांच्या केबिनमध्ये असते."

"दिवसाढवळ्या कुलूप?"

"आम्ही चोर ना," बाबा म्हणाले आणि हसले.

आग लागली तेव्हा पुढची बाजू पेटली. बाबा मागच्या दारापाशी सापडले. पेटीचं झाकण उघडू नका, असं आम्हाला सांगण्यात आलं.

दफनानंतर पाळकसाहेब घरी आले. प्रार्थना केली. आईच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "एक लक्षात ठेवा. बंधूने बंधूला कोर्टात खेचू नये. न्याय करणारा वर बसला आहे." आई म्हणाली, "होय, पाळकसाहेब." आमच्या घरात या वाक्यापुढे वाक्य नसतं. मीही गप्प बसले. पोलीस आले तेव्हा आईने हात जोडले, "आमची काही तक्रार नाही." आम्हाला वाटलं, आपण देवाचं ऐकतो आहोत.

आम्ही देवाचं ऐकत होतो तेव्हा साहेब पोलिसांना जबाब देत होते. मागच्या दाराची चावी बाबांकडेच असायची, असा. त्यांनीच कुलूप लावलं असेल, असा. बाबांबरोबर काम करणारे काका घरी येऊन हे सांगून गेले. खुर्चीवर बसलेही नाहीत. उंबऱ्यातच म्हणाले, "वहिनी, दादाच्या नावावर घातलं सगळं."

आणि मग तो रविवार.

उपदेश येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोरावर होता. आयुष्यभर चोऱ्या केल्या, मरताना प्रभूकडे नुसतं मागितलं आणि स्वर्ग मिळाला. "कमावून नाही," पाळकसाहेब म्हणाले, "कृपेने!" मंडळी म्हणाली, आमेन. मीही म्हणाले. हे मला लहानपणापासून आवडत आलं आहे. आमच्यासारख्यांना गावाने कधी काही कमावू दिलं नाही. फुकट मिळणारं तारण, ही आमच्या पणजोबांना केवढी मोठी गोष्ट वाटली असेल.

मग साहेब मंडळीपुढे साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उठले. आवाज भरून आला. "माझ्या हातून चूक झाली. आपला एक बंधू गेला. मी खूप रडलो. पण प्रभूने मला सांगितलं, बाळा, तुझं सगळं पुसलं." आमेन. कुणी तरी टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांना शांतीचा हात देतात. साहेब पहिल्या बाकावरून चालत शेवटच्या बाकापर्यंत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोघांनी मोबाइल वर धरले होते. त्यांनी हात पुढे केला.

मी हात मागे घेतले.

"अगं, दे ना," आई पुटपुटली. "सगळे बघताहेत."

साहेबांच्या बायकोने त्यांचं कोपर धरलं. मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "चला हो. क्षमा करायला मन मोठं लागतं. प्रभूने या लोकांना इतकं वर आणलं, तरी वळण जात नाही."

वळण.

मग ती रांग, ते पुढे केलेले हात, तो दंड.

मी उठले.

"साहेब, मागच्या दाराची चावी कुणाकडे असायची?"

"भगिनी, ही ती जागा नव्हे," पाळकसाहेब.

"आत्ता इथेच चूक कबूल केली ना त्यांनी? कुठली चूक? तिचं नाव घ्या म्हणावं."

"बसवा रे तिला," कुणी तरी म्हणालं. मागून एक बाई, "लायब्ररीतल्या नोकरीत पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलंय हिचं."

साहेबांनी डोळे पुसले. "घरी ये बेटा, वर्तकनगरला. शांतपणे बोलू."

"पोलिसांशी बोललात तसं?"

मी पाळकसाहेबांकडे वळले. "तुमचा तो चोर मरताना म्हणाला होता, आम्हाला मिळतंय ते आमच्याच कर्माचं आहे. त्याने आपली चोरी शेजारच्याच्या नावावर घातली नव्हती. मेलेल्या माणसाच्या तर नाहीच."

आमेन कुणी म्हणालं नाही.

बाहेर आम्ही रिक्षात बसलो. आई चिडून म्हणाली, "तुला स्वर्गात बाबांना भेटायचं नाही का?"

"भेटायचं आहे. ते पहिलं हेच विचारतील, कुलूप कुणाचं होतं ते सांगितलंस का."

आईने तोंड फिरवलं. अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही. साहेबांना तिने मनापासून क्षमा केली आहे. तो तिचा हक्क आहे. तिच्या क्षमेला मी हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी विचारलं, "मॅडम, इतके दिवस कुठे होता?"

"चर्चमध्ये," मी म्हणाले.

मी काय पाहिलं, बाबा काय म्हणाले, सगळं सांगितलं. सही केली. काकांनाही नेलं. ते आधी घाबरले, मग आले.

परवा पाळकसाहेबांचा फोन आला. देवाने ज्याला क्षमा केली त्याला दोषी ठरवणारी तू कोण, असं विचारत होते. मी म्हटलं, देवाने स्वतःच्या वतीने केली असेल. माझ्या वतीने करायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि बाबांच्या वतीने करायला बाबा आता नाहीत.

मी विश्वास सोडलेला नाही. कृपा फुकट असते, हे मी आजही मानते. पण ती फुकट मिळते म्हणून मेलेल्याच्या अंगावरून ओढून काढून मारणाऱ्यावर पांघरायची नसते. ज्याला ती हवी त्याने आधी खरं बोलावं. जिथे खोटं बोलला, तिथे जाऊन बोलावं.

कल्याणच्या कोर्टात केस उभी राहील. साहेबांचा वकील मला विचारेल, तुम्ही ख्रिस्ती ना, मग मनात एवढा राग कसा? मी राग लपवणार नाही. म्हणेन, राग आहे, तोही लिहून घ्या. पण आधी हे लिहा, की चावी माझ्या बाबांकडे नव्हती.