नोंद करणाऱ्याचा रकाना

माझे बाबा सैन्यात कारकून होते. हे ऐकलं की लोकांचा चेहरा जरा पडतो, लहानपणापासून बघत आलेय. सैन्य म्हटलं की लोकांना बंदूक हवी असते आणि मी त्यांच्या हातात दौत देते! पलटणीत बाबांचं नावच मुळी 'दौत' होतं. एकशे बारा माणसांची कंपनी आणि त्या सगळ्यांच्या सेवापुस्तिका बाबांच्या लोखंडी पेटीत. कोण कधी भरती झाला, कुठे गेला, कधी जखमी झाला, कुणाला कुठलं पदक मिळालं, सगळं त्यांच्या हातचं. लढाईच्या वर्षी कंपनी डोंगरावरच्या चौकीवर गेली तेव्हा ती पेटीही वर गेली आणि पेटीबरोबर बाबाही. बंदूक होतीच खांद्याला, ती काही खाली ठेवून गेले नव्हते.

आता बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात येतात आणि मागच्या फळ्यांवर मुदत संपलेल्या गोळ्या शोधत बसतात. मुदत आज संपत असेल तर आजच बाजूला काढतात. "बाबा, अजून अख्खा दिवस आहे," असं मी एकदा म्हणाले होते. "मग उद्या ती गोळी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तू काय सांगणार?" असं विचारून त्यांनी पाकीट खोक्यात टाकलं. असा हा नाकासमोर चालणारा माणूस. त्यांच्याबरोबर राहणं सोपं नाही, हे मी त्यांच्यासमोरही सांगते.

गेल्या वर्षी पलटणीचा मेळावा होता. बाबांनी कोट काढला, त्यावर तीन पदकं लावली. एक दीर्घ सेवेचं, एक त्या लढाईतल्या चौकीचं आणि एक शौर्यपदक. दारात एक तरुण अधिकारी यादी घेऊन उभा होता. आजकाल कुणीही बाजारातून पदकं विकत घेऊन मिरवतं, म्हणून नोंदी तपासायचा नवा नियम निघाला होता. त्याने बाबांचा क्रमांक यादीत शोधला आणि अगदी अदबीने म्हणाला, "आजोबा, तुमच्या नावावर एकच पदक आहे. बाकीची दोन काढून ठेवावी लागतील."

मागे रांग होती. बाबांच्याच पलटणीतले, त्यांच्याहून धाकटे, काही अनोळखी. सगळे बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "नियम बरोबर आहे." त्यांनी दोन्ही पदकं काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले. जेवले नाहीत. घरी येताना रस्त्यात एवढंच म्हणाले, "त्या पोराला वाटलं, मी खोटं मिरवतोय." त्यानंतर कोट त्यांनी कपाटाच्या तळाशी घातला. मला पदकांचं काही नव्हतं, पण माझ्या बापाला चार लोकांत खोटारडा ठरवून पाठवलं होतं, आणि ते मी खपवून घेणार नव्हते.

आता घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. कारकुनाने स्वतःच्या पुस्तिकेत स्वतः नोंद करायची नाही, असा त्यांच्याकडे दंडक होता. त्याची पुस्तिका शेजारच्या कंपनीच्या कारकुनाने लिहायची. लढाईत शेजारची कंपनी दुसऱ्या डोंगरावर. लढाई संपल्यावर बाबांनी आपली पुस्तिका तिकडे पाठवली, तोवर तिथल्या कारकुनाची बदली झालेली. पुस्तिका कोरीच परत आली. बाबांनी दोनदा लेखी आठवण केली.

"आणि तिसऱ्यांदा?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा मागणं म्हणजे भीक."

म्हणजे बघा, एकशे अकरा जणांची पदकं यांनी स्वतःच्या हाताने चढवली आणि स्वतःच्या पुस्तिकेत त्या वर्षाचं पान कोरं. दिव्याखाली अंधार तो हाच. चौकीवर हजर झाल्याची नोंदसुद्धा नाही. कागदावर माझे वडील तो डोंगर चढलेच नव्हते!

मी अभिलेख कार्यालयात अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे सात लागले. उत्तर आलं ते दीड ओळीचं. अर्जदार त्या काळात चौकीवर असल्याचा पुरावा नाही, मूळ हुकुमांच्या प्रती गोदामात पाणी शिरून खराब झाल्या आहेत, सबब अर्ज नामंजूर. बाबांनी ते पत्र वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि म्हणाले, "मसुदा चांगला आहे." मला वाटलं, तिथल्या तिथे रडावं किंवा ओरडावं. मी ओरडले.

माझा आवाज ऐकून की काय, दुसऱ्याच दिवशी पैलवानकाका आले. हे बाबांच्या कंपनीतले ट्रकचालक. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ते मेळाव्याला नव्हते, नाहीतर त्या दिवशी दारातलं टेबल जागेवर राहिलं नसतं. त्यांनी पत्र वाचलं, बाबांची कोऱ्या पानाची पुस्तिका बघितली, मग आपली पिशवीतून काढून शेजारी ठेवली.

"एवढंच ना? दौत, अरे अक्षर तुझंच, शाई तुझ्याकडे अजून आहे. दोन ओळी ओढ आणि मोकळा हो. कोण बघतंय?"

बाबा उठून उभे राहिले. "माझ्या दुकानातून बाहेर हो."

"दुकान माझं आहे, बाबा," मी म्हणाले.

"मग तू सांग त्याला."

मी सांगायच्या आधीच काका गेले, आणि बाबा त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. साठ वर्षांची दोस्ती, पण बाबांचं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एका ओळीत सगळं मिटलं असतं. ती ओळ लिहायची संधी त्यांना नोकरीत रोज होती, पेटी त्यांचीच, किल्ली त्यांचीच. नाही लिहिली. त्या आठ दिवसांत मला त्यांचा जितका राग आला तितकाच अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी वाटणं फार दमवणारं असतं.

रागाच्या भरात काका आपली पुस्तिका माझ्या गल्ल्यावरच विसरून गेले होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी ती चाळली. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचणाऱ्या बाईला ते अक्षर म्हणजे मेजवानी होती. चौकीवर हजर. चौकीवर सर्दी-तापाने दोन दिवस आजारी. चौकीवर जखमी. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, ठिकाण, आणि पानाच्या अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना: नोंद करणाऱ्याची सही व क्रमांक. त्या रकान्यात, दर वेळी, माझ्या बाबांचा क्रमांक.

मी दोनदा वाचलं. मग पुस्तिका उघडीच हातात धरून मागे धावले.

"बाबा, ह्या नोंदी कुठे बसून केल्यात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? चौकीवर. जिथली नोंद तिथेच करायची. खाली येऊन आठवणीने लिहायची नाही, तसा नियम आहे."

"आणि जो माणूस चौकीवर नव्हता, तो चौकीवर बसून नोंद कशी करेल?"

हातातलं गोळ्यांचं पाकीट बाबांनी फळीवर ठेवलं, तेही चुकीच्या फळीवर. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." स्वतःकडे बघायची सवयच नव्हती त्यांना.

काकांना मीच फोन केला. ते तासाभरात हजर, आणि बाबांनी त्यांना खुर्ची दिली. समेट झाला. मग काकांनी कंपनीतल्या उरलेल्या माणसांना, गेलेल्यांच्या मुलांना, सुनांना फोन लावायला सुरुवात केली. काका फोनवर बोलतात ते फोनशिवायही समोरच्या गावाला ऐकू जाईल. तीन आठवड्यांत टपालाने एकोणीस पुस्तिका आल्या. एकीला तेलाचा डाग, एक अर्धी उंदराने खाल्लेली, एक एका बाईने मखमली कापडात शिवून पाठवलेली. सगळ्या गल्ल्यावर मांडल्या. चौकीवरच्या एकशे तीन दिवसांपैकी एक्क्याण्णव दिवशी बाबांनी तिथे बसून कुणाची ना कुणाची नोंद केली होती. मी हिशेब केला, बाबांनी तपासला, त्यात एक दिवस माझा चुकला होता.

चौकीच्या पदकाचं झालं. शौर्यपदकाचं काय? त्याची कथा मी कधी ऐकलीच नव्हती. बाबांना विचारलं की "असंच दिलं" म्हणायचे. काकांनी आपल्या पुस्तिकेतली जखमेची नोंद माझ्यासमोर धरली आणि वाच म्हणाले. 'दुपारी चार वाजता तोफगोळ्याने उजवी मांडी जखमी. गोळाबारी चालू असता एका जवानाने पाठीवर घेऊन खाली उपचारकेंद्रात नेले.'

"एका जवानाने!" काका ओरडले. "अगं, त्या जवानाच्या पाठीवर मी होतो! मी तेव्हा नव्वद किलोचा आणि हा सुकट पंचावन्नचा. दोन वेळा आडवा झाला, मला म्हणाला, काही झालं नाही, पाय घसरला. मला खाली टाकून हा पुन्हा वर गेला, पेटी उघडून बसला आणि ही नोंद केली. आणि स्वतःला काय लिहिलं? एक जवान!"

"उतार होता," बाबा म्हणाले. "तुझ्या वजनाचीच मदत झाली."

मी काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत गेले आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिले.

काकांनी शपथपत्र दिलं, उपचारकेंद्रातल्या त्या वेळच्या परिचारकाने दिलं, आणि बाबांना शौर्यपदकाच्या हुकुमाचा क्रमांक तोंडपाठ होता. हुकूम भिजून गेला असला तरी हुकुमांची जावक नोंदवही कोरड्या कपाटात शाबूत होती. त्यात तो क्रमांक, ती तारीख आणि 'शौर्यपदक, एक' हे शब्द सापडले. कार्यालयाने सुनावणीला बोलावलं.

अधिकारी चष्मा कपाळावर चढवून एकामागून एक पुस्तिका उघडत होते. सहाव्या पुस्तिकेनंतर त्यांनी उजव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि थांबले. "हातच्या कंकणाला आरसा कशाला," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "इतकी वर्षं हा रकाना कुणी पाहिला नाही हो आमच्याकडे."

"तो पाहण्यासाठीच असतो," बाबा म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. पण अधिकारी हसले, आणि त्यांनी शेरा मारला: दुरुस्ती मंजूर, दोन्ही पदके सेवापुस्तिकेत नोंदवावीत. नोंद करायला शेजारच्या टेबलावर एक तरुण कारकून मुलगी होती. तिने आधी कार्यालयाची प्रत, मग बाबांची पुस्तिका पुढे ओढली. चौकीवर हजर. चौकीचे पदक. मग शौर्यपदक, आणि त्याखाली कशाबद्दल ते, काकांचं नाव, बाबांचं पूर्ण नाव. बाबा तिच्या खांद्यामागून बघत होते. मला भीती, की आता हे काहीतरी काढणार. तिने शेवटी आपली सही केली, क्रमांक घातला आणि पुस्तिका त्यांच्या हातात दिली.

बाबांनी ती लांब धरून वाचली. मग जवळ घेऊन वाचली. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसायचंही त्यांना सुचेना. माझ्या आठवणीत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

आम्ही निघणार, तर पैलवानकाकांनी आपली पुस्तिका टेबलावर आपटली. "आता माझी. यात 'एका जवानाने' लिहिलंय. तिथे नाव घाला."

"काका, त्याला वेगळा अर्ज लागेल," मुलगी म्हणाली.

"मग कागद दे."

कागद आला. बाबांचा हात सवयीने पेनाकडे गेला. पलटणीतले काकांचे सगळे अर्ज, रजेचे, बदलीचे, लग्नासाठी परवानगीचे, बाबांनीच लिहिले होते. काकांनी कागद आपल्याकडे ओढला. "तू नाही. आज मी लिहिणार."

काका चौथीपर्यंत शिकलेले. ट्रकचं चाक धरणारा तो हात पेन धरून घामेजला. एकेक अक्षर ते पुटपुटत, जीभ दातांत धरून काढत होते. अधिकारी उठून जवळ आले, मुलीने आपलं काम थांबवलं. अर्ध्या पानाला पाव तास लागला. माझ्या पुस्तिकेत एक जवान असे लिहिले आहे ते चूक आहे, तो जवान म्हणजे, एवढं लिहून काका थांबले, हात पँटला पुसला आणि मग बाबांचं नाव घातलं. एवढं मोठं, की एका ओळीत मावलं नाही आणि आडनाव खालच्या ओळीवर गेलं.

बाबांना खुर्ची दिली होती. ते बसले नाहीत. काकांनी शेवटचं अक्षर पुरं करेपर्यंत ते हात सरळ ठेवून टेबलापाशी उभे होते.