तिचं काम मला दिसायचं

शुभांगी गेल्याचा फोन तिच्या भावाने आमच्या साहेबांना केला, मला नाही. साहेब केबिनमधून उठून माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "शुभांगी मॅडम गेल्या." रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, यांना आधी कसं कळलं? काही आठवडे झालेत, तरी तो फोन बोचतोच... तिच्या बाबतीत पहिला मान मला हवा असायचा.

आम्ही दोघी एकाच दिवशी नागपुरातल्या त्या नकाशांच्या कचेरीत रुजू झालो. ती खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली, मी कळमेश्वरची, घरी शेती. उपग्रहावरून घेतलेली जमिनीची चित्रं ज्या सर्व्हरांवर साठवतात, त्यांची देखभाल हे आमचं काम. सगळे सर्व्हर एकमेकांना जोडून त्यांचं जणू एकच मोठं कपाट केलेलं असतं आणि प्रत्येक फाइलची प्रत एकाहून अधिक ठिकाणी असते, म्हणजे एखादा बंद पडला तरी काम करणाऱ्याला पत्ता लागू नये. खात्याच्या परीक्षा आम्ही दोघींनी दिल्या, मार्क माझे जास्त. पुढे विभागप्रमुखाची जागाही मलाच मिळाली आणि पेढे तिनेच वाटले. पण काही अडलं की लोक माझ्या दारावरून पुढे तिच्या टेबलाकडे जायचे. माझ्या आईचा मोबाइल अडकला तरी ती म्हणायची, "शुभांगीले विचार ना!"

मे महिन्यातली एक दुपार आठवते. सकाळपासून सगळं रखडत होतं, एकेक चित्र उघडायला युग लागत होतं. सर्व्हर तर सगळे चालू दिसत होते. दोष नेटवर्कचाच, असं मी ठरवून टाकलं होतं आणि वायरी तपासायला माणसं लावली होती. शुभांगी जागेवरून म्हणाली, "चार नंबर बाहेर काढा."

"तो तर चालू आहे. चालू सर्व्हर काहून काढायचा?" मी तडकले.

"चालू आहे म्हणूनच त, वं. बंद पडला असता त बाकीच्यांनी सांभाळून घेतलं असतं. हा दमून राहिला, अन् सगळे याच्यासाठी थांबून राहिले."

चार नंबर बाजूला काढला आणि पडद्यांवर चित्रं भराभर उघडू लागली. त्याची डिस्क बदलून तो परत जोडला, तेव्हा मधल्या काळात राहून गेलेल्या फाइली त्याच्यात भरण्याचा वेगही तिने मुद्दाम कमी ठेवला, लोकांच्या कामाला धक्का नको म्हणून. सगळे म्हणाले, मॅडमच्या हातात जादू आहे. मला ते ऐकवेना. जादू कसली! ही बाई रोज सकाळी एकेका सर्व्हरला उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते पाहायची, म्हणून चार नंबरचं दुखणं तिला कळलं. आणि हे मला ठाऊक होतं, कारण माझी तिच्यावर बारीक नजर असायची. तिने कुठलंही सेटिंग बदललं की मी ते उघडून पाहायची, काय बदललं, कशासाठी बदललं. चूक सापडावी म्हणून. क्वचितच सापडायची... सापडली की त्या दिवशी मी गाणं गुणगुणत घरी जायची.

मग तिचं आजारपण आलं. दवाखान्यात भेटायला गेले तर तब्येतीचं बोलूच देईना. वारंवार लागणाऱ्या फाइली सर्व्हर मेमरीत हाताशी ठेवतो, त्याची मर्यादा तिने सुट्टीवर जाण्याआधी वाढवली होती.

"पायलं का तू?"

"पाहिलं. जास्त वाढवलीस. दुपारी गर्दी झाली की मेमरी पुरत नाही."

ती खुदकन हसली. "मले वाटलंच तू पकडशीन." मग उशीवर मान टेकून माझ्याकडे पाहत राहिली. "तू जळते ना वं माझ्यावर?"

"हो," मी म्हटलं.

"जळत जाय. बाकीचे नुसते वा वा करतात. माझं काम वाचणारी तू एकटीच आहे."

तेवढ्यात तिचा भाऊ डबा घेऊन आला आणि बोलणं तिथेच राहिलं. घरी येताना मला तिचा रागच आला. माझ्या मनातलं मलाच नीट सांगता येत नव्हतं, तेही तिने आधी सांगून टाकलं होतं.

गेल्या आठवड्यात मी मेमरीची ती मर्यादा कमी केली. कुठलीही दुरुस्ती झाली की शुभांगी अख्ख्या नागपूरचं चित्र उघडायची, आमच्याकडची सगळ्यात जड फाइल. हनुवटीखाली हात घेऊन ती पूर्ण होईपर्यंत बघत बसायची. आधी अंबाझरी तलावाचा काळा डाग, मग रस्ते, मग छपरं. मीही ऐन दुपारच्या गर्दीत ते उघडलं, आणि कधी नव्हे इतक्या झरझर सगळं शहर पडद्यावर आलं. साहेब मागे येऊन उभे होते. म्हणाले, "वा! शुभांगी मॅडमचं सेटिंग अजून भारी चालून राहिलं."

ती असती तर मी नेमका कुठे हात लावला, हे तिने संध्याकाळच्या आत शोधून काढलं असतं. आणि मला फार वाटतं... थोडीशी तरी जळली असती.