भर उन्हात स्वेटर

आम्ही दोघं मालकिणीच्या वाळवणीवर बोंबील टांगत होतो. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी बांबूवर टाकायची. दुपारचं ऊन. माझी बायको स्वेटर घालून. तोंड सुजलेलं, हात जड.

मालकीण सावलीतनं बोलली, "म्हशीला थंडी वाजतेय बघा. आयतं खाऊन फुगलीय नुसती."

कामावरच्या बायका हसल्या. मीपण हसलो. काम जायला नको.

ती एवढंच म्हणाली, "थंडी हाय खरी."

संध्याकाळी ती उठवून उठेना. तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी काही मोठा आजार?"

"न्हाय," मी बोललो.

पस्तीस वर्षं हेच बोलायची सवय. लग्नाआधी सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं होतं. नऊ वर्षांची असताना तिच्या मानेत गाठ आली, कॅन्सरची. मुंबईला लाइट दिली, म्हणजे रेडिएशन, बरी झाली. "जावईबापू, बाहेर बोलू नका. धाकटीचं लग्न अडेल." मानेवरचा काळा डाग आम्ही स्टोव्हनं भाजल्याचा म्हणून सांगायचो.

तिसऱ्या दिवशी बाईंनी डागाचं विचारलं. तेव्हा खरं बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं. लाइटीनं मानेतली थायरॉइडची ग्रंथी निकामी होऊ शकते, म्हणाल्या. लगेच नाही, वर्षांनी. मग माणूस सुजतं, गारठतं, मंद होतं. रोज सकाळी एक गोळी घ्यायची असते. "फार उशीर झाला हो, नाना." औषध चालू केलं. दुपारी ती गेली. संध्याकाळी स्मशानात पोचवली.

रडू आलं नाही. अजून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवणीवर गेलो. सुतकातला माणूस आमच्यात मासळीजवळ जात नाही. मी गेलो.

"ए नाना, बाहेर हो. माल बाटेल," मालकीण ओरडली.

"बाटू दे. म्हैस बोललीस तिला. आजारी होती ती. आणि मी नवरा, मी तुझ्यासंगती हसलो."

मग बायकांना सगळं सांगितलं. कॅन्सर, लाइट, डाग. मोठ्यानं.

त्यातल्या एकीच्या पुतणीला लहानपणी अशीच लाइट दिलीय. घरचे लपवतात, मला ठाऊक होतं. त्या बाईजवळ जाऊन हळू बोललो, "आज पोरीला दवाखान्यात ने. लहानपणीचं सगळं सांग."

"लोक काय म्हणतील, नाना?"

"मी येतो संगती. तू गप्प बसलीस तर मी बोलेन."