बाहेर कधी सांगायचं

राज्याच्या नर्सिंग परिषदेनं मला शिस्त समितीवर घेतलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, "त्यांना भांडायला माणूस कमी पडत असेल." बनारसमधल्या बालाजी घाटाच्या आमच्या गल्लीत गाय आडवी बसली तरी मी तिला चार शब्द सुनावूनच पुढं जाते, त्यामुळे मी गप्प बसले. जन्मभर बाळंतपणं केली आणि आता आपल्याच पोरींवरच्या तक्रारी ऐकायच्या, हे काही मला रुचलं नव्हतं. पण बाळंतपण ज्यानं कधी पाहिलंही नाही, त्यानं त्या ऐकण्यापेक्षा आपण ऐकलेल्या बऱ्या, म्हणून हो म्हटलं.

त्या हिवाळ्यात समिती बनारसलाच बसली. समोर एका लहानशा इस्पितळातली कंत्राटी नर्स उभी होती. तक्रार एका सासूबाईंची. सुनेला मुलगी झाली, पण नर्सनं बराच वेळ ते बाहेर सांगितलंच नाही. शेजारच्या खाटेवर त्याच सुमाराला मुलगा झालेला, म्हणून बाईंनी बाळ बदलल्याचा गलका केला. तपासणीत मुलगी त्यांचीच निघाली, तरी त्या हटेनात. "छुपाया क्यों?" एवढंच धरून बसल्या. लपवाछपवी सिद्ध झाली असती तर पोरीची नोंदणी स्थगित झाली असती, आणि कंत्राटी नोकरी तर त्याच दिवशी गेली असती.

समितीत आम्ही सगळ्या बाळंतपणं केलेल्याच. आमच्यात एक जुनी रीत आहे. बाळामागून वार पडेपर्यंत मुलगा की मुलगी हे बाहेर बोलायचं नाही. मुलगी म्हटलं की दाराशी रडारड सुरू होते, ती आत ऐकू येते, आणि नेमक्या नाजूक वेळी बाळंतीण हबकते. म्हणून आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि सगळं उमगल्यासारखं केलं. अध्यक्षबाईंनी तर स्वतःच तिला वाट करून दिली, "आँवल गिरने का इंतज़ार था न?" पोरीनं नुसती मान खाली घातली. समज देऊन सोडायचं, असं आमचं नजरेनंच ठरत आलं होतं.

पण सासूबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "ऊ त झट से गिर गया था, आया हमको बताई है!" आणि वार लगेच पडली होती, हे खरं होतं. मग उशीर का, असं विचारल्यावर पोर म्हणाली, "गलती हो गई, मैडम." तेवढंच. मला तिचा असा राग आला! हातातली भाकरी जायची वेळ आणि ही तोंडाला कुलूप लावून उभी. पण राग थोडा ओसरल्यावर वाटलं, चूक करणारी माणसं सबबी सांगतात. ही सांगत नाही, म्हणजे कुणाला तरी सांभाळते आहे.

मी विचारलं, "बच्चे की माँ कहाँ है?"

ती बाहेर बाकड्यावर बसली होती. तिला काही विचारावं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं! शालीत गुंडाळलेली मुलगी घेऊन ती आत आली. मी सासूबाईंना जरा बाहेर थांबायला सांगितलं, तर सूनच म्हणाली, "रहने दीजिए. सुन लें."

मग खाली बघत बोलली, "सिस्टर हमको तुरंत बताई थीं, छाती पर रखी थीं. हमहीं हाथ जोड़े कि बाहर अभी मत बोलिए. पहली बेटी हुई थी तो सब रोने लगे थे. हम चाहते थे, इसके होने पर थोड़ी देर कोई न रोए."

मी नर्सला म्हटलं, "तो बताया क्यों नहीं, पगली?"

"मैडम, घर तो इसी को लौटना था."

आम्हा शहाण्यांना वार तेवढी दिसली होती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

नोंदणी कायम राहिली. निर्णयात मी एक वाक्य घालायला लावलं: मुलगा की मुलगी हे आईला लगेच सांगावं, बाहेर कधी सांगायचं ते तिला विचारावं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ऐसा नियम कहाँ है?" मी म्हटलं, "तो बना लीजिए, बैठे किसलिए हैं?" आणि खरंच, पुढच्या बैठकीत त्यांनीच तो विषय मांडला.

निर्णय ऐकून नर्स तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. सासूबाई मात्र जागेवरच बसून होत्या. त्यांनी सुनेला विचारलं, "हमसे एतना डरती थी?"

"हाँ, अम्मा."

बाईंनी मुलीसाठी हात पुढं केले. सुनेनं आधी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि मग दिली.